तिसऱ्या डब्यातली आई

स्टेशनातले सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. रस्त्यापासून तीन मजले खाली उतरल्यावर जिथे मेट्रोच्या गाड्या लागतात, त्या स्टेशनचे ते स्टेशनमास्तर, आणि एवढा लांबलचक हुद्दा उच्चारायला तिथे कुणालाच सवड नव्हती. नऊ वर्षं ते त्याच काचेच्या खोलीत बसत होते. समोर भिंतभर कॅमेऱ्यांचे पडदे, उजव्या हाताला घोषणेचा माईक, डाव्या हाताला रेडिओ, आणि मधोमध एक लांब फळा. फळ्यावर अख्खा मार्ग एका रेघेत काढलेला. गाडी जिथे असेल तिथे लाल दिवा लागायचा, गाडी सरकली की दिवा सरकायचा.

नऊ वर्षांत त्यांची आई एकदाही त्या स्टेशनात आली नव्हती. "जिवंत आहे तोवर जमिनीखाली कशाला जाऊ? पुढे वेळच वेळ आहे," असं म्हणून ती सरळ बस धरायची. शहात्तर वर्षांची बाई; चौतीस वर्षं मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून उभ्यानं काढलेली. तिला कोण समजावणार?

त्या मंगळवारी मात्र मास्तरांनी तिला समजावलं. तेच त्यांना पुढे फार लागून राहिलं.

झालं होतं असं. आईची धाकटी बहीण, म्हणजे मास्तरांची मावशी, आठवडाभर रुग्णालयात होती. रुग्णालय मास्तरांच्या स्टेशनच्या अगदी डोक्यावर. तीन नंबरच्या दारातून बाहेर पडलं की रस्ता ओलांडायचा, झालं. मास्तर रोज ड्युटी संपल्यावर मावशीला बघून यायचे आणि घरी आल्यावर आईसमोर त्याबद्दल मुद्दामच बोलायचे. आई ऐकायची, पण विचारायची नाही. कारण गेली अकरा वर्षं दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं.

बोलणं बंद झालं ते एका शब्दावरून. मास्तरांचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून मग गेले. अंत्यविधीच्या दिवशी, माणसं घरात उभी असताना, मावशी डोळे पुसत म्हणाली, "सुटला बिचारा." बस, एवढंच. पण आईनं ते ऐकलं, मान वळवून बहिणीकडे एकदा बघितलं आणि तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. दोन वर्षं हगणंमुतणं जिनं काढलं तिच्यासमोर "सुटला" म्हणजे काय? कुणाच्या तावडीतून सुटला? मावशीनं पहिली दोन-तीन वर्षं फोन केले, निरोप धाडले. मग तीही मानी. तिनंही सोडून दिलं.

सोमवारी संध्याकाळी मावशीच्या मुलीचा फोन आला. ही मावसबहीण पंचेचाळिशीची, तिची स्वतःची मुलगी कॉलेजात जाते, तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणतात. तिची मावशी म्हणजे मास्तरांची आई. बेबी म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी हात टेकलेत. आई सारखी ताई ताई करतेय. मावशीला काही करून आण रे."

मास्तरांनी फोन खाली ठेवायच्या आत आई दारात उभी होती.

"भेटायची वेळ काय असते?" तिनं विचारलं.

"सकाळची दहा ते बारा."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. सकाळी सहाला मास्तर ड्युटीवर निघाले तेव्हा ती काळा कोट घालून, राखाडी पिशवी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. जणू बस दाराशीच यायची होती.

नऊ वाजता मास्तरांनी स्टेशनातून घरी फोन लावला. "आई, आज बसचा नाद सोड. मुख्य रस्ता खोदून ठेवलाय, दीड तास कुठे गेला नाही. मेट्रोनं ये. सहा स्टेशनं, सतरा मिनिटं. घड्याळ लावून बघ."

"खालून?"

"खालून. मी आहे ना इथं."

ती म्हणाली, "ठीक आहे. तू म्हणतोस तर."

मास्तरांच्या बायकोनं शाळेत जाता जाता तिला गाडीत बसवून दिलं आणि कळवलं, "दहा वाजून बाराची गाडी. तिसरा डबा, दाराजवळची जागा. पिशवी घट्ट धरून बसल्यात, जशी काही गाडीच चोर आहे." मास्तर हसले. त्यांनी गार्डबाईंना बोलावून सगळं सांगून ठेवलं. गार्डबाई म्हणजे स्टेशनातल्या सुरक्षारक्षक. उंच, मोठ्या आवाजाच्या आणि मनानं लोण्यासारख्या. त्या आईला फलाटावर उतरवून घेणार आणि थेट बेबीच्या हातात देणार, असं ठरलं. मास्तरांना स्वतःला जाता येणार नव्हतं. त्या काचेच्या खोलीत कुणीतरी अधिकारी असलाच पाहिजे असा नियम, आणि त्यांचा सहायक तापानं घरी पडलेला. बदली माणूस दोनला येणार होता.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी लाल दिवा मागच्या स्टेशनातून निघाला. मास्तर फळ्याकडे बघत होते. दिवा अर्ध्यावर आला, थोडा पुढे सरकला आणि थांबला.

गाड्या थांबतात. पुढची गाडी फलाटावरून हलायला वेळ लागला की मागची बोगद्यात मिनिट-दोन मिनिटं उभी राहते. पण पुढे गाडीच नव्हती. आणि तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"सगळ्या स्टेशनांना कंट्रोल. मधल्या टप्प्यातली गाड्यांची वीज गेली आहे. गाडी बोगद्यात उभी. प्रवाशांना सूचना द्या."

कंट्रोल म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेली एक इमारत. तिथे बसलेला माणूस सगळ्या मार्गावरच्या गाड्या हलवायचा. मास्तर नऊ वर्षं त्याचा आवाज ऐकत होते. सर्दी झाली की ओळखायचे, बायकोशी भांडून आला की ओळखायचे. चेहरा मात्र कधी बघितला नव्हता.

"कंट्रोल, किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"दहा मिनिटं धरा."

मास्तरांनी माईक ओढला आणि सवयीनं बोलले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे गाडीस विलंब होत आहे. सेवा थोड्याच वेळात सुरळीत होईल." फलाटावरच्या माणसांनी एकदम माना वर केल्या, मनगटं बघितली, एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी केली.

दहा मिनिटं गेली. कंट्रोल म्हणाला, अजून पंधरा. वीजघरात कुठलीशी जाड केबल जळाली होती. दुसरीकडून वीज वळवायचं चाललं होतं.

पावणेअकराला बेबीचा फोन आला. "दादा, कुठे आहे मावशी? आई नाकावरची नळी काढून टाकतेय. सारखी दाराकडे बघतेय."

"येईलच. थोड्याच वेळात," मास्तर म्हणाले. हेच वाक्य त्यांनी नुकतं माईकवर म्हटलं होतं. त्याच आवाजात, त्याच लयीत. नऊ वर्षांत हजारो वेळा म्हटलं असेल. कुणी कशासाठी निघालं असेल, कुणाचं काय हुकत असेल, हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

बोगद्यात मोबाइल लागत नाही. तरी त्यांनी आईचा नंबर चार वेळा लावला. चारही वेळा त्या यांत्रिक बाईनं अत्यंत प्रेमानं सांगितलं की संपर्क होऊ शकत नाही.

लाल दिवा होता तिथेच होता. फलाटापासून चारशे मीटर. माणूस धापा न टाकता पाच-सहा मिनिटांत चालत जाईल एवढं अंतर. फलाटाच्या टोकाला लोखंडी दार, दारामागे बोगद्याच्या भिंतीला लागून हातभर रुंदीची चालायची वाट. किल्ली मास्तरांच्या समोरच्या खिळ्यावर लटकत होती. पण कंट्रोलचा हुकूम आल्याशिवाय ते दार उघडायचं नाही. समजा कुणी उघडलं, माणसं चालायला लागली आणि त्याच वेळी वीज परत आली, तर? या नियमाचं प्रशिक्षण नव्या मुलांना स्वतः मास्तरच द्यायचे. बोट नाचवून द्यायचे.

अकराला ते रेडिओवर म्हणाले, "कंट्रोल, लोकांना चालवत का आणत नाही? चारशे मीटर तर आहे."

"वीजवाले म्हणतात दहा मिनिटांत येतेय. साडेसहाशे माणसं अंधारात उतरवू आणि मध्येच तार जिवंत झाली तर कोण निस्तरणार?"

"दहा मिनिटं तर साडेदहापासून चाललीयत."

"मास्तर, मला काय हौस आहे?"

मग, नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं ते मास्तरांनी केलं. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, माझी आई आहे त्या गाडीत. तिसऱ्या डब्यात. तिची बहीण इथे वर शेवटच्या घटका मोजतेय. निदान चालकाला सांगून तिला निरोप तरी द्या. घाबरू नकोस म्हणावं, मी आहे इथं."

पलीकडे नुसती खरखर. मग तो आवाज, एरवीपेक्षा सावकाश, म्हणाला, "प्रत्येकाचं कुणीतरी वर थांबलेलं असतं हो मास्तर." आणि थोड्या वेळानं, "बघतो."

त्यानं खरंच निरोप दिला. त्याचं पुढे काय झालं ते मास्तरांना नंतर कळलं. चालकानं गाडीतल्या माईकवर जाहीर केलं, "तिसऱ्या डब्यात पुढच्या स्टेशनच्या मास्तरांच्या मातोश्री आहेत. त्यांनी काळजी करू नये, मास्तरांचं लक्ष आहे." डब्यात पंखे बंद, दिवे अर्धे, माणसं घामानं निथळलेली. सगळ्यांच्या नजरा फिरल्या आणि काळ्या कोटातल्या म्हाताऱ्या बाईवर येऊन थांबल्या. तिनं चटकन वर बघितलं होतं, तेवढ्यावरून ओळखलं तिला.

"लक्ष आहे म्हणे!" एक जाडजूड गृहस्थ म्हणाले. "काय करतायत तुमचे चिरंजीव? चहा पितायत?"

"आईला निरोप पोचतो, आम्हाला पाणी पोचत नाही," दुसरी एक बाई म्हणाली.

मग तासभर ज्याला त्याला बोलायला हक्काचं माणूस मिळालं. आईनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. समोर एका कॉलेजच्या पोरीला घेरी येत होती, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन ती वर्तमानपत्रानं वारा घालत राहिली. घालता घालता लोकांचं ऐकत राहिली.

इकडे वर काचेबाहेर गर्दी जमली होती. कुणी काच वाजवत होतं, कुणी तिकीट काचेला चिकटवून दाखवत होतं. एक बाई ओरडून विचारत होती, "आम्ही कामावर काय सांगायचं? लिहून द्या!" मास्तर हातानं थांबा थांबा करत होते, माईकवर बोलत होते, रेडिओ ऐकत होते. गार्डबाई दाराशी दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. मध्येच त्यांनी आत डोकावून विचारलं, "काही कळलं का आईंचं?" मास्तरांनी नाही अशी मान हलवली. गार्डबाईंनी पाण्याचा पेला टेबलावर सरकवला आणि परत गर्दीला भिडल्या.

अकरा वीसला परत बेबी. आवाज फुटलेला. "दादा, तिला बोलायचंय. कानाला लावते."

आधी नुसता श्वास ऐकू आला. पाण्यातून हवा यावी तसा. मग मावशीचा आवाज, इतका बारीक की मास्तरांनी दुसरा कान बोटानं बंद केला.

"ताई?"

"मावशी, मी आहे. आई येतेय. अगदी जवळ आलीय."

पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. ती थांबत थांबत बोलत राहिली. "ताई, ते मी... सुटला म्हटलं ना... दुखण्यातून गं. दुखण्यातून सुटला म्हणायचं होतं मला. तुझी शप्पथ."

मास्तरांना एकदा वाटलं, हो म्हणावं. आईच्या आवाजात नुसतं "हो गं" म्हणावं, कळलं म्हणावं. त्या बारीक श्वासाला काय फरक कळणार होता? त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी रेडिओ कडाडला.

"मास्तर, कंट्रोल. तातडीचं आहे, उत्तर द्या. मास्तर!"

तातडीचं म्हटल्यावर उत्तर द्यावंच लागतं. गाडीत आग लागली असेल, कुणी दार उघडून खाली उडी मारली असेल. काहीही असू शकतं. "मावशी, एक मिनिट हं, ठेवू नको," असं म्हणून त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि रेडिओ उचलला.

"तुमच्या फलाटावर आत्ता माणसं किती आहेत?" कंट्रोलनं विचारलं. "प्रवेश बंद करायचा का ते ठरवायचंय."

मास्तरांनी पडद्यांकडे बघून आकडा सांगितला. दारं बंद करायचा हुकूम मिळाला, तो गार्डबाईंना दिला. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. फोन कानाला लावला तर तो मध्येच तुटला होता. त्यांनी उलट फोन केला. बेबी म्हणाली, "झोप लागल्यासारखी झालीय रे. डॉक्टर आलेत, मला बाहेर काढलंय."

अकरा पन्नासला वीजवाल्यांनी शेवटी हात वर केले. कंट्रोल म्हणाला, "वीज येत नाही. तार मेलेली आहे, खात्री केली. चालवत आणा." मास्तरांनी किल्ली खिळ्यावरून काढून तंत्रज्ञांच्या हातात दिली. तेही दाराकडे निघाले तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, "मास्तर, तुम्ही बसा." दोन तंत्रज्ञ बॅटऱ्या घेऊन दारातून आत गेले. मास्तर बसले. त्यांना तिथे बसणं भागच होतं. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत ती खुर्ची सोडायची नाही, हाही नियमच.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघूनच त्यांना कळलं. बेबी एवढंच म्हणाली, "गेली रे दादा." आणि रडायला लागली. मास्तर "हो" म्हणाले. का "हो" म्हणाले ते त्यांना कळलं नाही. रडणाऱ्या माणसाला काहीतरी बोलायचं असतं, पण सात नंबरच्या पडद्यावर लोखंडी दारातून पहिली माणसं बाहेर येत होती, एकमेकांना ढकलत होती. त्यांना माईकवर सांगावं लागलं, "प्रवाशांनी घाई करू नये. सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात येत आहे." बेबीनं फोनवर तेही ऐकलं असणार.

पहिला डबा रिकामा झाला. दुसरा झाला. माणसं काजळलेल्या हातांनी डोळे चोळत होती, काही थेट बाकावर कोसळत होती. मग ती दिसली. काळा कोट. तिची राखाडी पिशवी एका जाडजूड गृहस्थांच्या खांद्यावर होती आणि त्यांनी तिच्या दंडाला धरलं होतं. मास्तरांना तेव्हा ठाऊक नव्हतं की हेच ते, चिरंजीव चहा पितायत का विचारणारे. दारातून बाहेर पडल्यावर ती थांबली, कोटावरची धूळ झटकली, केस सारखे केले आणि फलाटाच्या छताकडे बघितलं, मुलगा जणू तिथे कुठेतरी वर बसलेला असावा.

माईक मास्तरांच्या तोंडासमोर होता. एक शब्द बोलले असते तर तिला ऐकू गेला असता, आणि सगळ्या स्टेशनलाही. त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "गार्डबाई, काळा कोट. माझी आई. तिला इकडे घेऊन या."

ती आली. काचेच्या खोलीत पाऊल टाकताच तिनं पडदे बघितले, फळा बघितला, गार झालेला चहा बघितला.

"इथं बसतोस होय," ती म्हणाली. मग, "उशीर झाला का रे?"

मास्तर उभे होते. काहीतरी नीट, हळूहळू सांगायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण आयुष्यभर ती वॉर्डात उभी राहिलेली बाई. नातेवाइकांचे चेहरे वाचत आलेली. तिनं मुलाचा चेहरा एकदाच बघितला.

"किती वाजता?"

"बारा पाचला."

तिनं हातातल्या घड्याळाकडे बघितलं. बारा तेवीस. ती सहायकाच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

"शेवटी श्वास कसा होता? घरघर लागली होती?"

"हो. पण अकरा वीसला बोलली ती. मला आई समजून... म्हणजे तुला समजून. म्हणाली, ते सुटला म्हटलेलं दुखण्यातून सुटला असं होतं. तुझी शप्पथ म्हणाली."

आईनं मान हलवली. "अरे, ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "रात्रीपर्यंत सगळं कळलं होतं. लहानपणापासून ओळखते मी तिला. ती असंच अर्धं बोलते."

"मग अकरा वर्षं?"

"पहिलं वर्ष म्हटलं, तिनं घरी येऊन सांगावं. फोनवर नको. पुढे कशानं राहिलं..." तिनं तळहात उघडून दाखवला. त्यावर बोगद्यातल्या भिंतीची काजळी होती. "पुढे नुसतंच राहिलं रे."

रेडिओ कडाडला. "मास्तर, कंट्रोल. चौथा डबा झाला का?"

मास्तर आईकडे बघत राहिले.

"घे, उत्तर दे," ती म्हणाली. "माणसं आहेत अजून आत."

त्यांनी उत्तर दिलं. वळून बघितलं तर गार्डबाई आईला घेऊन निघाल्या होत्या. पिशवी आता गार्डबाईंच्या हातात होती. मास्तरांनी तिला एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाताना बघितलं. लांब मार्गिकेतून, मग लिफ्टपाशी, मग तीन नंबरच्या दाराकडे. लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती. तिथे तिनं तोंडावर हात धरला, खांदे हलले, बहुतेक रडली. पडद्यांना आवाज नसतो. मास्तर पडद्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन बघत राहिले. तीन नंबरच्या दाराबाहेर कॅमेरा नव्हता.

बदली माणूस अडीचला आला. त्यालाही गाडी मिळाली नव्हती. मास्तर रुग्णालयात पोचले तोवर सगळं आटोपत आलं होतं. आई आणि बेबी एका बाकावर बसल्या होत्या. बेबी सांगत होती, आई ऐकत होती. मधल्या अकरा वर्षांतलं काहीबाही. बेबीच्या मुलीचं कॉलेज, मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन, घर बदललं तेव्हा हरवलेली मांजर. आई मान हलवत प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती.

सतरा मिनिटांबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही. घरी परतताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिन्याभरात नाही. मास्तर वाट बघत होते. कधीतरी भाजी चिरता चिरता म्हणेल, तू म्हणालास म्हणून खालून आले, बस धरली असती तर साडेअकराला पोचले असते. हा हिशेब त्यांनी स्वतःच इतक्या वेळा केला होता की तो तिच्या तोंडून ऐकायला त्यांचा जीव आसुसला होता. ती ओरडली असती तर त्यांना पाय धरता आले असते.

एका सकाळी त्यांच्यानं राहवलं नाही. सहाला निघायचं होतं, बूट चढवता चढवता ते थांबले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"आई, त्या दिवशी मी तुला बसनं येऊ द्यायला हवं होतं."

ती वळली. हात पुसत जवळ आली आणि त्यांच्या डोक्यावर तिनं ओला हात ठेवला, ते लहान असताना ठेवायची तसा.

"वेड्या," ती म्हणाली, "तू काय करणार होतास?"

तिनं ते धीर द्यायलाच म्हटलं, हे मास्तरांना कळत होतं; पण त्यांना खिळ्यावरची किल्ली आणि पालथा ठेवलेला फोन आठवला. ते खाली वाकले आणि नाडी बांधायला लागले. गाठ दोनदा सुटली. मग ते उठले, डबा घेतला आणि ड्युटीवर निघाले.